बेटकास्टिंग रील घेताय? मरळीसाठी भरवशाची रील कशी निवडायची

सोशल मीडियावर गळाच्या मासेमारीचे व्हिडिओ हल्ली सतत समोर येतात. पाण्यावर नकली बेडूक पडतो, खळबळ होते आणि हिरवट रंगाचा, मोठ्या तोंडाचा मासा हवेत उडी मारतो. व्हिडिओतल्या माणसाच्या हातात काठीच्या वरच्या बाजूला बसवलेली छोटी, चपटी चकती असते. तीच बेटकास्टिंग रील. व्हिडिओ पाहून मुळा धरणाच्या किंवा गोदावरीच्या काठावरची अनेक तरुण मंडळी ऑनलाइन शोधाशोध करतात आणि 'बारा बेअरिंग, सुपर हायस्पीड' असं लिहिलेली एखादी रील मागवून मोकळी होतात. दोन-चार महिन्यांत ती कपाटात जाऊन पडते.

बहुतेक वेळा बिघाड रीलमध्ये नसतो, निवड चुकलेली असते. भरवशाची रील म्हणजे नेमकं काय, कोणत्या आकड्यांकडे लक्ष द्यायचं, कोणत्या आकड्यांना भुलायचं नाही आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाण्यासाठी काय योग्य, हे या लेखात पाहू.

आधी एक गोष्ट: आपल्याकडे बास नाही, मरळ आहे

बेटकास्टिंग रीलची माहिती वाचायला गेलं की 'बास' या माशाचं नाव पुन्हा पुन्हा येतं. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. 1925 मध्ये तो जपानमधल्या आशी सरोवरात सोडण्यात आला आणि पुढे देशभर पसरला. स्थानिक मासे फस्त करत असल्यामुळे 2005 पासून जपानमध्ये तो घातक परदेशी जातींच्या यादीत आहे. तिथे त्याला जिवंत नेण्यावर आणि दुसऱ्या पाण्यात सोडण्यावर बंदी आहे. म्हणून 'आपल्या धरणात बास सोडला तर?' असा विचार कुणी मांडला, तर त्याला जपानचं उदाहरण सांगा.

आपल्याकडे बासच्या जवळ जाणारा मासा म्हणजे मरळ. दोघांच्या सवयींत बरंच साम्य आहे. मरळही दबा धरून बसते. पाणवनस्पती, बुडालेली झुडपं, काठाची कपार अशा आडोशाला ती थांबते आणि बेडूक किंवा लहान मासा जवळ आला की झडप घालते. तिला हवेतून श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे ती अधूनमधून वर येते आणि पाण्यावर बुडबुडा किंवा वलय दिसतं. अनुभवी माणूस तेवढ्यावरून तिची जागा ओळखतो.

मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. मरळीचा जबडा कडक असतो आणि गळ लागताच ती थेट गवतात घुसते. तिला पहिल्या काही सेकंदांत बाहेर ओढावं लागतं. त्यामुळे बाससाठी 'चांगली' म्हणून गाजलेली नाजूक, हलकी रील मरळीसाठी चांगली असेलच असं नाही. आपल्याला ताकद आणि पक्का ड्रॅग हवा.

बेटकास्टिंग रील चालते कशी?

नेहमीच्या स्पिनिंग रीलमध्ये स्पूल, म्हणजे दोर गुंडाळलेली चकती, स्थिर असते आणि दोर तिच्यावरून वेटोळ्यांनी निघून जातो. बेटकास्टिंग रीलमध्ये स्पूल स्वतः फिरते. आमिष हवेत झेपावलं की ते दोर ओढतं, दोर स्पूलला फिरवतो.

या रचनेचे फायदे तीन. अंगठा स्पूलवर ठेवून आमिष हव्या त्या जागी थांबवता येतं. जाड, मजबूत दोर वापरता येतो. ओढण्याची ताकदही चांगली मिळते. तोटा एकच, पण मोठा: आमिषाचा वेग कमी झाला आणि स्पूल त्याच वेगाने फिरत राहिली, तर दोराचा घोळ होतो. पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता तयार होतो. त्याला बॅकलॅश म्हणतात.

ही रील घडली ती घड्याळजींच्या हातून. 19व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात घड्याळं बनवणाऱ्या कारागिरांनी दातेरी चाकांची अशी रील तयार केली. हँडल एकदा फिरवलं की स्पूल अनेकदा फिरते, अशी तिची रचना होती. स्वीडनची आबू ही कंपनी 1921 मध्ये सुरू झाली तीही घड्याळांच्या कामातूनच. जपानची शिमानो सायकलचे भाग बनवत होती आणि 1970 मध्ये मासेमारीच्या साहित्यात उतरली. थोडक्यात, ही रील म्हणजे बारीक यंत्र आहे आणि यंत्र निवडताना आपण जे पाहतो तेच इथेही पाहायचं.

पाहण्यासारख्या सहा गोष्टी

1. ड्रॅग

मासा जोरात पळाला की दोर तुटू नये म्हणून स्पूल थोडी सरकू देणारी यंत्रणा म्हणजे ड्रॅग. हँडलजवळच्या चांदणीच्या आकाराच्या चाकाने तो कमी-जास्त करता येतो. खोक्यावर 'कमाल ड्रॅग 8 किलो' असं छापलेलं असतं. त्या आकड्यापेक्षा ड्रॅग सरळ सुटतो की झटके देत सुटतो, हे जास्त महत्त्वाचं. झटके देणारा ड्रॅग दोर तोडतो किंवा गळ निसटवतो.

ड्रॅग साधारणपणे दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका ठेवतात. 30 पाउंडाचा दोर म्हणजे सुमारे 13.6 किलो. त्यासाठी ड्रॅग साधारण साडेतीन ते साडेचार किलोवर लावायचा. म्हणजे खोक्यावर 5-6 किलोचा खरा, सरळ चालणारा ड्रॅग असला तरी मरळीला पुरतो. ड्रॅगच्या चकत्या कार्बनच्या असतील तर जास्त चांगलं, कारण उष्णतेने त्यांची पकड फारशी बदलत नाही.

2. ब्रेक

ब्रेक बॅकलॅश रोखतो. तो दोन प्रकारचा असतो. चुंबकीय ब्रेक बाहेरच्या चकतीने, आकडे फिरवून बदलता येतो, म्हणून नवशिक्याला सोपा. केंद्रोत्सारी ब्रेकमध्ये स्पूलच्या आत छोटे ठोकळे असतात. वेग वाढला की ते बाहेर सरकून घासतात. फेक सुरू होताना, म्हणजे वेग सर्वांत जास्त असताना, तो जोरात काम करतो आणि वेग उतरला की सैल पडतो, त्यामुळे सरावलेल्या हाताला लांब फेक मिळते. अनेक मॉडेलमध्ये मात्र तो बदलायला बाजूचं झाकण उघडावं लागतं.

मुळा किंवा जायकवाडीच्या फुगवट्यावर दुपारी उघड्या पाण्यावरून वारा येतो. वाऱ्याच्या विरुद्ध फेकताना आमिष हवेतच मंदावतं आणि घोळ होतो. अशा ठिकाणी पटकन बदलता येणारा ब्रेक कामाला येतो. पहिली रील घेत असाल तर चुंबकीय ब्रेकची घ्या.

3. गिअर रेशो

7.1:1 याचा अर्थ हँडल एकदा फिरवलं की स्पूल 7.1 वेळा फिरते. स्पूलवर भरलेल्या दोराचा व्यास 34 मिलिमीटर धरला तर हँडलच्या एका फेऱ्यात किती दोर आत येतो ते पाहा:

5.4:1 – सुमारे 58 सेंटिमीटर
6.3:1 – सुमारे 67 सेंटिमीटर
7.1:1 – सुमारे 76 सेंटिमीटर
8.1:1 – सुमारे 87 सेंटिमीटर

सायकलच्या गिअरसारखंच आहे: वेग वाढला की जोर कमी होतो. मरळीसाठी 6.3 ते 7.3 च्या दरम्यानची रील मधली आणि सोयीची. मासा गवताकडे वळला की सैल दोर झटकन गुंडाळता येतो आणि ओढायला जोरही राहतो. 8 च्या पुढची रील पहिल्यांदाच घेण्यात अर्थ नाही.

4. बेअरिंगची संख्या

जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरात हाच आकडा असतो आणि सर्वांत कमी उपयोगाचाही हाच असतो. अकरा-बारा स्वस्त बेअरिंगपेक्षा पाच-सहा चांगल्या बेअरिंगची रील जास्त टिकते. स्पूलच्या दोन्ही बाजूंची आणि मुख्य गिअरजवळची बेअरिंग दर्जेदार असणं गरजेचं. उरलेली हँडलच्या मुठीत वगैरे घालून संख्या वाढवता येते.

5. चौकट आणि गिअर

रीलची चौकट ॲल्युमिनियमची असेल तर जोराच्या ओढीत वाकत नाही. चांगल्या दर्जाच्या ग्रॅफाइटची चौकट हलकी असते आणि साध्या वापराला चालते. स्वस्त प्लास्टिकची चौकट मात्र ओढ बसल्यावर पिळवटते. मग आतल्या गिअरचे दात नीट जुळत नाहीत आणि झिजतात. मुख्य गिअर पितळेचा असेल तर वजन थोडं वाढतं, पण टिकाऊपणाही वाढतो.

6. दोर किती मावतो

रीलवर '0.33 मिमी – 110 मीटर' असं लिहिलेलं असतं. तुमचा दोर 0.28 मिमीचा असेल तर किती मावेल? जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात लांबी बदलते. 0.33 ला 0.28 ने भागा, आलेल्या उत्तराला त्याच आकड्याने गुणा आणि 110 ने गुणा. उत्तर सुमारे 153 मीटर. काठावरून मरळीसाठी 100 मीटर दोर भरपूर होतो. त्यामुळे 150 किंवा 200 या आकाराची चपटी रील पुरेशी आहे.

वेणीचा, म्हणजे ब्रेडेड, दोर वापरणार असाल तर आधी स्पूलवर साध्या नायलॉन दोराचे काही वेढे घ्या. नाहीतर गुळगुळीत स्पूलवर वेणीचा दोर घसरतो आणि ड्रॅग खराब झाल्यासारखं वाटतं.

डाव्या हाताची की उजव्या?

यात चूक झाली तर रील बदलावी लागते, कारण बेटकास्टिंग रीलचं हँडल स्पिनिंग रीलसारखं दुसऱ्या बाजूला लावता येत नाही. 'लेफ्ट हँड' याचा अर्थ हँडल डाव्या बाजूला. उजव्या हाताने फेकून त्याच हातात काठी धरून ठेवणाऱ्यांना हँडल डाव्या बाजूला सोयीचं पडतं. फेकल्यानंतर काठी डाव्या हातात घेण्याची सवय असेल तर उजव्या बाजूचं घ्या. ऑनलाइन मागवताना हा पर्याय नीट तपासा.

भरवशाची म्हणजे दुरुस्त होणारी

सुटे भाग मिळतील का, हा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो आणि पुढे तोच सगळ्यांत जास्त खर्चाचा ठरतो. बेटकास्टिंग रीलमध्ये दोर डावीकडून उजवीकडे नेणारी एक सरकती खिडकी असते. तिच्या आत पॉल नावाचा नखाएवढा तुकडा असतो. तो झिजतोच. तो मिळाला तर रील पुन्हा नव्यासारखी चालते, मिळाला नाही तर बाकी सगळं धडधाकट असूनही ती निकामी होते.

म्हणून खरेदीआधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. पॉल, ड्रॅगच्या चकत्या आणि हँडल सुटं मिळतं का? दुरुस्ती कुठे होते, पुण्यात, मुंबईत की कुठेच नाही? पक्कं बिल आणि वॉरंटी कुणाची, कंपनीची की फक्त दुकानाची? शिमानो, दाइवा, आबू गार्सिया यांसारख्या जुन्या कंपन्यांच्या साध्या मॉडेलला यामुळेच लोक पसंती देतात. नवख्या ब्रँडची रील वाईटच असते असं नाही, पण दोन वर्षांनी ते मॉडेल बाजारात असेल का, याचा विचार करा.

बेटकास्टिंग रीलच्या किमती दोन-अडीच हजारांपासून तीस हजारांच्या पुढेपर्यंत जातात. पहिल्या रीलसाठी सगळं बजेट रीलवर घालू नका. काठी, दोर आणि दोन-तीन चांगले नकली बेडूक हेही त्यातच बसवायचे आहेत. दोर हलका असेल तर महागडी रीलही मरळ गवतातून बाहेर काढू शकणार नाही.

दुकानात दोन मिनिटांची तपासणी

रील हातात मिळाली तर हे करून पाहा. वापरलेली रील घेताना तर करायलाच हवं.

• हँडल सावकाश फिरवा. खरखर किंवा अडखळ जाणवली तर गिअर किंवा बेअरिंगमध्ये दोष आहे.
• हँडल उलटं फिरवा. ते जराही मागे येता कामा नये. मागे येत असेल तर झटका मारताना जोर वाया जातो.
• स्पूल मोकळी करून बोटाने फिरवा. ती आवाज न करता, न डगमगता फिरली पाहिजे.
• अंगठ्याचं बटण दहा-बारा वेळा दाबा. दर वेळी हँडल फिरवताच ते जागेवर आलं पाहिजे.
• बाजूचं झाकण उघडून बंद करा. सैल बसत असेल तर घेऊ नका.
• दोराला हुकचा वजनकाटा लावून सावकाश ओढा. काट्याचा आकडा एकसारखा राहिला तर ड्रॅग चांगला, सारखा वरखाली झाला तर वाईट.

रील घेतल्यावर पहिले आठ दिवस

पहिल्याच दिवशी धरणावर जाऊ नका. सोंगणी झालेलं वावर किंवा मोकळं मैदान गाठा. गळ काढून 12-15 ग्रॅमचं वजन बांधा. काठी आडवी धरून बटण दाबा आणि स्पूलजवळची ताण-कळ अशी लावा की वजन सावकाश खाली यावं आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावी. ब्रेक पूर्ण लावा. आता जोर न लावता फेका आणि वजन जमिनीला टेकण्याच्या आत अंगठ्याने स्पूल थांबवा. हात बसला की ब्रेक एक-एक आकडा कमी करत जा.

आणखी एक सोपी युक्ती. एक फेक करा, त्याहून चार-पाच मीटर दोर जास्त काढा आणि स्पूलवर उरलेल्या दोरावर चिकटपट्टी लावा. घोळ झाला तरी पट्टीच्या खाली जात नाही. सराव झाल्यावर पट्टी काढून टाका, नाहीतर मासा लांब पळाला तर दोर तिथेच अडकेल.

तुमचं आमिष सात-आठ ग्रॅमपेक्षा हलकं असेल तर साधी बेटकास्टिंग रील नीट फेकणार नाही. लहान आमिषाने छोटे मासे पकडायचे असतील, तर त्याच पैशांत चांगली स्पिनिंग रील घ्या. यात कमीपणा काही नाही.

निगा: धूळ आणि खोबरेल तेल

आपला जिल्हा बराचसा कोरडा आणि धुळीचा. धरणाचं पाणी उतरल्यावर काठावर गाळ आणि वाळू उघडी पडते. रील जमिनीवर ठेवली की वाळूचे कण सरकत्या खिडकीत जातात आणि पॉल झिजतो. रील काठीसकट झाडाला किंवा पिशवीला टेकवून ठेवा.

घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा आणि ड्रॅग सैल करून ठेवा. घट्ट ठेवलेला ड्रॅग चकत्या दाबून टाकतो. पाण्यात बुडवून धुऊ नका. बेअरिंगला रीलच्या तेलाचा एकच थेंब, गिअरला ग्रीस. ते मिळालं नाही तर शिलाई मशीनचं तेल तात्पुरतं चालेल. खोबरेल तेल मात्र नको. ते 24 अंशांच्या आसपास गोठू लागतं आणि नगरच्या हिवाळ्यात सकाळी पारा त्याहून बराच खाली असतो. ड्रॅगच्या कार्बनच्या चकत्यांवर तेल सांडू देऊ नका, पकड जाते.

परवानगी घ्या, पिल्लं सांभाळणारी मरळ सोडून द्या

धरण सार्वजनिक असलं तरी त्यातली मासेमारी मोकळी नसते. जलाशयातले मासेमारीचे हक्क साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यांनी पैसे भरून मत्स्यबीज सोडलेलं असतं आणि त्यावर अनेक घरं चालतात. मुळा धरण असो, नेवासे-शेवगावकडचा जायकवाडीचा फुगवटा असो किंवा कर्जतच्या बाजूचं उजनीचं पाणी, आधी तिथल्या संस्थेला विचारा. शंका असेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करा. जायकवाडी पक्षी अभयारण्य आणि भंडारदरा परिसरातलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य या भागांत वन्यजीव कायदा लागू आहे, तिथे वनविभागाला विचारल्याशिवाय गळ टाकू नका.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट पाळा. मरळ आपल्या पिल्लांची राखण करते. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ लालसर पिल्लांचा थवा एकत्र फिरताना दिसतो आणि खाली त्यांचे आईबाप असतात. अशा वेळी ती समोर येईल त्यावर तुटून पडते, त्यामुळे तिला पकडणं अगदी सोपं. पण आईबाप गेले की इतर मासे काही वेळात पिल्लं संपवतात. एका व्हिडिओसाठी शेकडो मरळी जातात. थवा दिसला की जागा बदला.

शेवटी जिवाचा प्रश्न. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. विजेच्या तारांखाली आणि ढग गडगडत असताना काठी उचलू नका. गाळाच्या काठावर आणि धरणाच्या भिंतीजवळ एकट्याने जाऊ नका.

थोडक्यात काय घ्यायचं?

मरळीसाठी पहिली बेटकास्टिंग रील घेताना इतकं लक्षात ठेवा: 150-200 आकाराची चपटी रील, गिअर रेशो 6.3 ते 7.3, चुंबकीय ब्रेक, 5-6 किलोचा सरळ सुटणारा ड्रॅग, मजबूत चौकट, योग्य बाजूचं हँडल आणि सुटे भाग मिळण्याची खात्री. सोबत मध्यम-जड ताकदीची काठी आणि 30 ते 50 पाउंडाचा वेणीचा दोर. बेअरिंगचा आकडा सर्वांत शेवटी पाहा.

तुमचा एखादा मित्र जाहिरात पाहून रील मागवायच्या तयारीत असेल तर त्याला हा लेख पाठवा, आणि हँडल कोणत्या बाजूचं हवं ते आधी विचारायला सांगा.